मामेसासऱ्यांचे थडगे

पाच हजार वर्षांपूर्वीचे थडगे नवे कोरे बांधून घेणारा माणूस गोव्यातल्या अख्ख्या पेडणे तालुक्यात एकच, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. मामांनी उभी हयात बोटीवर काढली, निम्मे जग पाहिले, पण लक्षात ठेवले एकच बेट. स्कॉटलंडच्याही वर ओर्कनी नावाची बेटे आहेत. तिथे इंजिन बिघडून बोट अडकली असताना मामा एका हिरव्या टेकाडात रांगत शिरले आणि, मामी म्हणतात तसे, "आजून भायर येवंक नात." आत दगडी खोली, हाडे ठेवायचे कोनाडे, आणि वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत मावळतीचे ऊन बोळातून थेट मागच्या भिंतीवर. हे वर्णन मी साखरपुड्यात ऐकले, लग्नात ऐकले, आणि बारशाला तर मुलाचे नाव राहिले बाजूला, आम्ही हाडांवरच होतो.

निवृत्त झाल्यावर मामांनी परसात चिऱ्यांचे तसेच थडगे उभारले. बेळगावकडच्या गवंड्याने विचारले, "मालक, खिडकी कुठं सोडू?" मामा म्हणाले, "मेल्ल्या मनशाक खिडकी कित्याक?" त्या दिवसापासून गवंडी दुपारची भाकरी परसाबाहेर जाऊन खाऊ लागला. मामींनी आपल्याला सरळ अग्नी द्यावा म्हणून बजावले, "मेल्यार माका उजो दी, हेच्यात घालूं नाका."

गावाने मात्र थडग्याची सोय आपल्या पद्धतीने लावली. काळोखी घुमटी, वर माती, आत देव नाही, म्हणजे रात्री गाव राखत फिरणाऱ्या राखणदाराचेच ठाणे. दाराशी नैवेद्याच्या जाड भाकरी, म्हणजे रोट, आणि विड्या येऊ लागल्या. मामा रस्त्यावर उभे राहून ओर्कनी समजावत. लोक ऐकून घेत आणि थडग्याला नमस्कार करून जात. रोट मामा कुत्र्याला घालत, विड्या मात्र गुपचूप आत नेत. त्यांना विडीच्या वासानेही ठसका लागतो.

खरी पंचाईत शेजाऱ्याच्या फणसाने केली. त्याची एक फांदी नेमकी मावळतीच्या आड, त्यामुळे पहिल्या वर्षी ऊन दारातच अडले. मामांनी कोन काढून दाखवले. शेजारी म्हणाला, "कापो फणस तो. फांटी मारूंक हांव दिवंचों ना." मामा वर्षभर झुरले. शेवटी मान खाली घालून त्यांनी राखणदाराच्या नावाने उजेड मागितला, "राखणदाराक उजवाड जाय. सपनांत सांगलां." दुसऱ्या दिवशी फांदी खाली आणि दाराशी नारळ.

गेल्या डिसेंबरात त्या संध्याकाळी मामा आणि मी आत रांगत गेलो. ऊन बोळातून सरकत सरकत मागच्या कोनाड्यात पोचले. तिथे विड्यांची रास. मी काहीतरी वात्रट बोलणार, एवढ्यात मामाच बोलले.

"बोट थंय अडकल्ली, तेन्ना तार आयली. आवस गेली म्हण. माका अग्नी दिवंक मेळूंक ना. त्या फातरांत बसून रडलों."

विड्यांची रास सारखी करत आईविषयी म्हणाले, "रोट तिका चाबनाशिल्लो. पूण विडी ओडटाली."

ऊन जाईपर्यंत आम्ही बसून राहिलो. त्यानंतर मी त्या थडग्याला कधी हसलो नाही म्हणालो तर ते खोटे होईल. हसतो. फक्त डिचोलीहून पेडण्याला जाताना आता खिशात विडीची एक जुडी असते.