नुसता आवाज ऐकून घेतलेली गाडी

मंडळी, आज दुपारी माझी गाडी आली. थेट केरळातून, ट्रकवर.

आमचे हे मानोऱ्यात गॅरेज चालवायचे. तांड्यावरून कोणाची गाडी बंद पडल्याचा फोन आला की म्हणायचे, "फोन इंजिनजवळ धर, आयकू दे." नुसत्या आवाजावरून दोष सांगायचे. टर्बो इंजिनची वेगवान सेडान घ्यायची त्यांची फार इच्छा होती. तीन वर्षांपूर्वी ते गेले, इच्छा राहून गेली.

म्हणून मी तशीच एक जुनी गाडी शोधली. विकणाऱ्याला फोन इंजिनजवळ धरायला लावला. आवाज स्वच्छ वाटला. जाऊन न बघताच घेतली.

आज ह्यांचे गॅरेजमधले जोडीदार गजाननभाऊ बघायला आले. त्यांनी सीटखालचं कार्पेट उचललं. खाली वाळलेला गाळ होता.

"वहिनी, हे गाडी पुरात बुडेल हाय. वास नाही आला काय तुमाले?"

"फोनवर कायचा वास येते, भाऊ?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "इंजिन दुरुस्त केलं त्यायनं. बाकी सारं सडेल हाय."

मी सवयीनं फोन काढला. ह्यांना आवाज ऐकवावा म्हणून नंबरही शोधला. मग भान आलं.

पैशाचं वाईट वाटतंच. पण मला वाटायचं, एवढ्या वर्षांच्या संसारातून त्यांचा इंजिन ओळखणारा कान माझ्याजवळ राहिला आहे. आज तोही गेला.

तुमच्याजवळ तुमच्या माणसाचं काय राहिलं आहे?