माझे पोट, माझे डोळे

तिसरीत शाळा सुटली आणि पुढं काही वर्षांनी लग्न होऊन मी कुरुंद्याला आले. माहेर नगरकडं, दोन दिवसांच्या वाटेवर. पहिल्याच हंगामात हळद शिजवून, वाळवून कोपरापर्यंत पिवळी झाले. सासूबाई म्हणायच्या, "तुजं लगीन अजून उरकलंच न्हाई वाटतं. किती दिवस नवरी राहतीस?"

मग अन्न नकोसं झालं. न्हाताना पाहिलं तर पोटही पिवळं, आणि पोटाला हळद लागायचं काही कारण नव्हतं. कावीळ. माझ्या माहेरच्या गावातल्या एका सुनेला काविळीतच तिच्या माहेरी धाडली होती. तिच्यामागं नवऱ्यानं दुसरी केली. म्हणून मी रोज उठून गालांना, मानेला मुद्दाम हळद फासू लागले. एवढी अक्कल शाळेत चालवली असती तर चौथी पास झाले असते.

सासूबाईंनी एक दिवस हनुवटी धरली. "डोळ्यांत बी घातलीस का हळद? काय होऊन राहिलं तुला?"

मला सांगता येईना. न्हाणीतसुद्धा मी स्वतःकडं न बघता न्हायचे. अंगाचं नाव काढून बोलणार कुठून?

"तोंडानं निघत न्हाई तर लिही. तुजा बाप लई मिरवत व्हता, पोरीला लिहिता येतं म्हणून. अन् मला वाचून दाखव."

पुडीच्या कागदावर 'माझे पोट' एवढं लिहिलं आणि कितीतरी वेळ पेन्सिल पुढं सरकेना. हात कामाचे, कपाळ कुंकवाचं. 'माझे' असं मी कशालाच म्हटलं नव्हतं. मग मात्र सुटलेच. माझे डोळे, माझी मळमळ, माझी भीती. शेवटी, मला परत पाठवू नका.

मी वाचून दाखवलं. सासूबाईंनी सगळं ऐकलं. "लांबण लई लावतीस," म्हणाल्या, आणि मामंजींना हाक मारली. "अंगणातली हळद उचला. काविळीच्या माणसाला पिवळं दिसू नये."

"एवढी हळद हलवायची? त्यापरीस पोरीलाच चार दिवस माहेरी…"

"हळद जाईल. ती न्हाई."

शेजारच्या खळ्यावर गाडीच्या चार खेपा झाल्या. मी उंबऱ्यात बसून ताक पीत बघत होते. सासूबाई हळदीचं टोपलं घेऊन पुढून गेल्या. "बघून काय राहिलीस? तुज्यासाठीच हलवून राहिलो. मीट डोळे."

मी मिटले.