साडूंचे ठोकळे

जगात काहीच वाया जात नाही, यावर माझ्या साडूंइतका विश्वास प्रत्यक्ष परमेश्वराचाही नसेल. एका पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे फोडून त्यांची ताकद मोजायची, ही त्यांची नोकरी. बाकीचे लोक नोकरी संध्याकाळी तिथेच सोडून येतात, हे घरी आणतात. साखर कारखान्याच्या भट्टीतली चिपाडाची राख, शेंगांची फोलपटं, शहागंजातल्या ऑम्लेटच्या गाड्यांवरची अंड्यांची टरफलं. दिसेल ते जाळायचं, दळायचं, सिमेंट थोडं कमी करून त्या जागी घालायचं आणि ठोकळा पाडायचा, हा यांचा संसार. ऐन श्रावणात त्यांनी मेहुणीच्या मिक्सरमध्ये टरफलं दळली, तेव्हा नवा मिक्सर येईपर्यंत ती माहेरी जाऊन बसली. त्यात ठोकळ्याला ताकद यायला तो अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवावा लागतो. आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्याने, आणि यांच्या घरातलं मोठं पिंप ठोकळ्यांनी भरलेलं!

"माणसं कोरडी अन् ह्यांचे दगड पाण्यात," मेहुणी करवादते.

"माणसावर स्लॅब टाकायचा नसतो," साडू शांतपणे सांगतात.

त्यांची इच्छा एकच होती. कुणाच्या तरी खऱ्याखुऱ्या घराला आपली राख लागावी. पण नव्या घरात राख म्हटलं की नातेवाईक चहा अर्धा टाकून उठत. शेवटी मी सापडलो. गेटसमोरचा उतार करायचा होता, म्हटलं, घाला तुमची राख! माणूस इतका हरखला की वस्त्रगाळ राखेचं पोतं बाळंतविडा आणावा तसं स्वतः स्कूटरवर घेऊन आला.

ऐनवेळी मिस्त्री म्हणाला, "साहेब, उद्या चीर पडली तर मला बोलू नका," आणि माझं धाबं दणाणलं. साडू कामावर असताना मी निव्वळ सिमेंटचा उतार करून घेतला आणि पोतं जिन्याखाली दडवलं.

संध्याकाळी ते आले, वाकून पाहिलं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी औरंगपुऱ्यातल्या स्वतःच्या घरून पाण्याचा कॅन स्कूटरवर लादून आणायचे आणि उताराला पाणी मारायचे. मी पडद्याआडून पाहायचो, बाहेर जायची हिंमत व्हायची नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी मात्र राहवलं नाही.

"साडूभाऊ, यात तुमची राख नाही हो."

"व्हय, माहीत हाय मला. राखेचं काँक्रीट काळपट येतं. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग रोज पाणी कशाला आणलंत?"

"ओलं काँक्रीट होतं ना. त्याची काय चूक?"

उरलेलं पाणी त्यांनी कडेकडेने ओतलं आणि स्कूटर सुरू केली.