डाव्या हाताची तपासणी

मुलगी मालदीवच्या शाळेत गणित शिकवायला गेली तेव्हा चौसाळ्यात हायवेवरच्या हॉटेलात मी बसलेल्या सगळ्यांना चहा पाजला. पाजायलाच पाहिजे होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर खडू झिजवलेल्या गुरुजीची पोरगी विमानात बसून शिकवायला जाते, ही काय चेष्टा हाय का! फक्त एक गोष्ट मी तिथं बोललो नाही. नोकरी तीन महिन्यांच्या बोलीवर होती. शेवटी साहेब येऊन वर्ग बघणार, पसंत पडला तर ठेवणार, नाहीतर चला परत. ती परत आली असती तर मला गावात दुसरं हॉटेल शोधावं लागलं असतं.

रोज दुपारी चारला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. मोबाइल मी साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचो. पहिल्याच दिवशी तिनं समुद्र दाखवला. मोठं पाणी म्हणून मी आजवर फक्त कपिलधारचा धबधबा पाहिलेला, पण तोंडावर काही दिसू दिलं नाही. "पाणी बरंय," म्हणालो.

बेट एवढुसं की शाळेपासून चालत निघालं तर दहा मिनिटांत जमीनच संपते. सुट्टी शुक्रवारी-शनिवारी आणि रविवारी भल्या सकाळी शाळा. रविवारी! मी तर ऐकूनच दमलो.

"वर्गात पोरं किती?" मी विचारलं.

"चौदा."

"चौदा? अगं, माझ्या वर्गात चौदा तर नुसती खिडकीत बसायची."

ती हसली. मग कधी सांगायची, पोरं माझ्या इंग्रजीला हसतात. कधी सांगायची, बापाची होडी आली की दोघं-तिघं दांडी मारतात. मी म्हणायचो, आमच्याकडं दिवाळी झाली की अर्धा वर्ग ऊसतोडीला जातो, तू दोघा-तिघांचं काय सांगतीस! ती एक सांगायची, मी त्याच्यावर दोन सांगायचो. बायको मागून डोकावून विचारायची, "जेवलीस का?" तिकडं सकाळी मासा आणि खोबरं, दुपारी मासा. इथून नेलेली शेंगदाण्याची चटणी तिनं पुरवून पुरवून खाल्ली तरी दुसऱ्या महिन्यात संपली.

"कावून गं, तोंड सुकलंय तुझं?" बायको एकदा म्हणाली.

"न्हाई गं आई, ऊन लई हाय इथं."

"बरं चाललंय तिचं," मी म्हणालो. "उगी पिरपिर लावू नको."

तिसऱ्या महिन्यात कळलं की साहेब होडीनं येणार आणि चौथीच्या वर्गात भागाकाराचा तास बघणार. मला तर चेवच चढला. तपासणी! अहो, माझी उभी हयात तपासणीत गेली. एकाही साहेबाला मी माझा वर्ग कच्चा दिसू दिला नव्हता. कसा, ते मी तिला सांगितलं. साहेबानं प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचे. सगळ्यांनी, बरं का. फक्त ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा आणि ज्याला येत नाही त्यानं डावा. साहेबाला हातांचं रान दिसतं, आपण उजवा हात बघून उठवायचं. झालं काम!

"पप्पा, ही फसवणूक हाय."

"फसवणूक कसली? वर्गाची इज्जत हाय ती. सांगतो तेवढं कर."

आणि केलं की तिनं! भेदरली होती बिचारी.

त्या दिवशी कॉल यायला साडेपाच वाजले. तोवर मी अंगणात इतक्या चकरा मारल्या की बायको म्हणाली, "बसा आता, जमीन उकरताव का?"

तिकडं झालं असं. साहेबांनी प्रश्न विचारला, चौदाच्या चौदा हात वर. हिनं उजवे हात बघून दोघांना उठवलं, दोघांनी फाडफाड उत्तर दिलं. मग साहेब म्हणाले, मी विचारू का एकीला? आणि त्यांनी नेमकी डाव्या हाताची पोरगी उठवली. ती उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "मला येत नाही. डावा हात म्हणजे येत नाही. मिसनीच सांगितलंय."

ना लाज, ना भीती. आमची पोरं मेली असती पण फुटली नसती!

साहेब रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "कोणाला येत नाही ते तुम्हाला माहीत आहे, हे चांगलंय. मग विचारता उजव्यांनाच का?" आणि महिन्यानं पुन्हा येतो म्हणाले. ते आले आणि नोकरी पक्की झाली, पण ती पुढची गोष्ट. त्या दिवशी काहीच ठरलेलं नव्हतं आणि माझं डोकं फिरलं होतं.

"तुला पोरं नीट पढवता आली न्हाईत," मी ओरडलो. "माझ्या वर्गात असं एकदाही झालं न्हाई."

ती म्हणाली, "पप्पा, तिसरी-चौथीला मी तुमच्याच वर्गात होते. तपासणीला माझा कोणता हात असायचा?"

"उजवा. गुरुजीची पोरगी तू!"

"डावा. भागाकाराला कायम डावा. तुमची इज्जत जाऊ नये म्हणून सगळ्यांपेक्षा उंच करायचे. तुम्ही बघायचात आणि पुढच्याला उठवायचात."

मी बायकोकडं पाहिलं. सातवी शिकलेली माझी बायको शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "भागाकार मी शिकवला तिला. शेंगदाण्याचे वाटे घालून."

इतकी वर्षं दोघींपैकी एकीनंही मला हे सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? मी कधी विचारलंच नव्हतं. मला फार लाज वाटली. चौतीस वर्षांतले सगळे डावे हात आठवू बघितले, एकाचाही चेहरा आठवेना.

मग मी म्हणालो, "बरं, आता सांग. तिथं तुला काय जमंना?"

"न्हाई ओ, सगळं बरं चाललंय," ती सवयीनं म्हणाली.

तीन महिन्यांत पहिल्यांदाच मी तिच्या एकावर माझे दोन सांगितले नाहीत.

तिनं खाली पाहिलं. मग हळूच हात वर केला, चौथीत करायची तसा, कानाला लावून. मोबाइलात डावं-उजवं उलटं दिसतं म्हणतात, पण ती निघाली तेव्हा बीडच्या स्टँडवर मी तिच्या डाव्या मनगटात बांधलेलं घड्याळ त्याच हातात होतं.

"सांग बाळा," मी म्हणालो, आणि डब्यापुढं सरकून बसलो.