पूजेआधी न चालवलेलं कार्ड

"स्वस्त घ्या, पण चालवून बघून घ्या," हे रेवदंड्याच्या सुजितचं ठरलेलं बोलणं. म्हणूनच केतनने गेम खेळायच्या कॉम्प्युटरचे भाग निवडायचं काम आपल्या या मित्रावर टाकलं.

पैसे बेताचे होते. सुजितने पॉवर सप्लाय चांगला घेतला आणि ग्राफिक्स कार्ड मात्र अलिबागच्या एका दुकानातून वापरलेलं, घरी चालवून बघून बिघडलं तर परत करायच्या बोलीवर आणलं. भाग जोडून तो बटण दाबणार, तोच केतनची आई जागृतीकाकी आडवी आली.

"बोटीचं नवं इंजिन पूजेआधी कोन चालू करतो काय? मंगळवारी नारळ फोडू, मग लाव."

"आई, ह्यो काय मासे धराया जानार हाय?" केतन हसला.

सुजित हसला नाही. कार्ड परत घ्यायची मुदत सोमवारी संपत होती, आणि कार्डाच्या जोडणीच्या पट्टीवर खाऱ्या हवेने गंजल्याचा हिरवट डाग त्याला दिसला होता. काकीला नाही म्हणायची हिंमत मात्र त्याला होईना. तीन दिवस त्याला घास गोड लागला नाही.

मंगळवारी नारळ फुटला, कुंकू लागलं. कॉम्प्युटरचे पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच राहिली.

"मुदत काल संपली," सुजित कसंबसं म्हणाला. "मला ठाऊक होतं, केतन."

"मग बोलायचं ना रं!"

सुजितने कार्ड काढून पिशवीत घातलं. दुकानदाराचे पाय धरायची तयारी ठेवून तो रिक्षा स्टँडकडे चालू लागला. केतन खोलीतून बाहेर आलाच नाही. जागृतीकाकी तेवढी आरतीचं ताट घेऊन, तो वळणाआड जाईपर्यंत दारात उभी होती.