इस्त्रीवालीचं रक्त
हॉटेलच्या लाँड्रीत संध्याकाळपर्यंत सगळ्यांचेच पाय सुजत. म्हणून इस्त्रीवालीचा एकटा डावा पाय भोपळ्यासारखा फुगला, तरी कोणाला त्याचं नवल वाटलं नाही. तिनं तेल चोळलं, गरम फडकं गुंडाळलं आणि ती कामाला लागली. धाप लागून खाली बसली, तेव्हा कुठे नवऱ्यानं तिला दवाखान्यात नेलं.

पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचा तुकडा फुप्फुसात पोचला होता. डॉक्टरीणबाईंनी मागचं सगळं विचारलं. पोटातली तीन बाळं गेली, हे सांगताना तिची मान खाली गेली. रक्त तपासलं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. आजाराचं नाव निघालं अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. यात रक्त नको तिथे गोठतं. वारेत गोठलं की बाळाचं पोषणच तुटतं.

सासू त्याच लाँड्रीत घड्या घालणाऱ्या बायकांची मुकादम. तिसऱ्या खेपेला ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "नासकं रक्त आहे हिचं. पोटात काही टिकायचं नाही." आजार कळल्यावर तर तिच्या हाती कोलीतच मिळालं. मी सांगत नव्हते का, म्हणत ती टेबलाटेबलावर फिरली.

इस्त्रीवाली आपली चादरींवर इस्त्री फिरवत राही. पुन्हा दिवस राहिले, तशी ती रोज पोटात रक्त पातळ करणारी सुई टोचून घेऊ लागली. पोट निळंजांभळं झालं. सोबत ॲस्पिरिनची छोटी गोळी. आठव्या महिन्यात मुलगी झाली, मूठभर, पण घर डोक्यावर घेणारी. इस्त्रीवालीला आता जन्मभर रक्त पातळ करणारी गोळी घ्यायची होती. त्याचं तिला काही नव्हतं. सासूनं तो शब्द मागे घ्यावा, एवढंच तिला हवं होतं.

मग नणंदेचंही पोटातलं दुसरं बाळ गेलं. सासू इस्त्रीच्या टेबलापाशी आली आणि हळूच डॉक्टरीणबाईंचा पत्ता मागू लागली.

"देते की," इस्त्रीवाली म्हणाली. "आधी माझ्या रक्ताबद्दल बोललात ते खोटं होतं, असं इथे सगळ्यांसमोर म्हणा."

सासू फणकाऱ्यानं निघून गेली. त्याच संध्याकाळी इस्त्रीवाली नणंदेला स्वतः दवाखान्यात घेऊन गेली. हाच आजार निघेल असं नाही, पण तपासायला हवं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईंना एवढ्यात सांगू नका, असं इस्त्रीवालीनं बजावलं. "वहिनी, भारी खाष्ट आहात तुम्ही," नणंद म्हणाली, पण गप्प राहिली.

आठवडाभर सासूच्या घशाखाली घास उतरेना. इस्त्रीवाली शेजारी बसून पोटभर जेवत होती. शेवटी सासू घड्यांच्या टेबलाशी उभी राहिली. "माझं चुकलं. हिचं रक्त नासकं नव्हतं. आजार होता."

"मोठ्यानं, आई. टोकाच्या मशिनीपर्यंत गेलं नाही."

सासूनं पुन्हा म्हटलं. मशिनीवरच्या बायका वळून बघू लागल्या.

"पत्ता वन्संकडेच आहे," इस्त्रीवाली म्हणाली. "त्या केव्हाच तपासून आल्यात."

आणि तिनं पुढची चादर ओढली.