पारोळ्याची भजी

वैशाली गेल्याचा फोन आला तेव्हा धुळ्याच्या माझ्या दुकानात मी एका पाण्याच्या मोटारीचं पोट फाडून बसलो होतो. सोनीचा फोन. "मामा, मम्मी गेली," एवढंच म्हणाली... तांब्याची तार हातात तशीच राहिली. समोरच्या गिऱ्हाइकानं विचारलं, "कोण गेलं?" म्हटलं, "बहीण." माणूस जुना. म्हणाला, "रेखाताईंना जाऊन तर लई वर्षं झाली ना?" त्याचं बरोबर होतं. माझी सख्खी बहीण रेखा, सोनीची आई, सत्तावीस वर्षांपूर्वी जळगावला वारली. वैशाली ही दाजींची दुसरी बायको. तिला बहीण म्हणायला मला किती वेळ लागला आणि तोवर मी काय काय दिवे लावले, ते आता महिना उलटल्यावर सांगून टाकतो.

जामनेरकडच्या एका खेड्यातली ही बावीस वर्षांची पोरगी सहा वर्षांच्या सोनीची आई होऊन त्या घरात आली. आमच्याकडे दुसरेपणाची बाई गळ्यात पहिलीच्या नावाची छोटी पुतळी घालते. वैशालीच्या गळ्यातही चांदीची पुतळी होती. ती बघितली की माझं डोकं फिरायचं... माझी बहीण हिच्या गळ्यात लोंबकळतेय. मी ठरवलं, पोरीला सावत्रपणाचा वारा लागू द्यायचा नाही. मग काय, महिन्यातून एक रविवार जळगावला तपासणी. फ्रिज उघडून दूध बघायचो, सोनीची नखं बघायचो. कळस म्हणजे तिला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन धान्याच्या काट्यावर उभी करायचो. एका महिन्यात एकवीस किलो भरली, पुढच्या महिन्यात अठरा. मी दुकानातूनच आरडाओरडा करत आलो, गल्ली गोळा झाली. पोरगी उपाशी मारता का? वैशाली भाकरी थापत होती. थापताना ती पुतळी पाठीवर टाकायची, पीठ लागू नये म्हणून. तिनं हात धुतले, पुतळी पुढं घेतली आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, मागल्या वेळी ती शिकवणीवरून आली होती. आता दप्तर काढूनच मोजत जा." गल्ली हसली. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. पण तपासणी काही मी बंद केली नाही.

दोन वर्षांनी हर्षल झाला. मग तर माझा संशय दुप्पट. स्वतःचा मुलगा मांडीवर आल्यावर परक्या पोरीला कोण विचारतं? खरं म्हणजे ते घर मला दिसत होतं. बाळ रडतंय, सोनीचा अभ्यास राहिलाय, कुकरच्या शिट्ट्या होताहेत आणि चोवीस वर्षांची बाई पायाच्या अंगठ्यानं झोळी हलवत पाढे म्हणून घेतेय. दिसत होतं, पण मी ते बघायला गेलेलोच नव्हतो. मी जायचो सोनीची वेणी हातात घ्यायला. रेखाचे केस गुडघ्यापर्यंत होते, पोरीचे तसेच. दर वेळी सगळ्यांसमोर वेणी उचलून मी म्हणायचो, "थेट रेखा. दुसऱ्या कोणाची नाहीच ही."

असाच एका रविवारी गेलो, तर सोनीची वेणी गायब. केस मानेपाशी कसेबसे तोडलेले, एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. "कोणी कापले?" सोनी वैशालीच्या पदरामागं गेली. दहा महिन्यांचा हर्षल कडेवर घेऊन वैशाली क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी."

"का?"

"उवा झाल्या होत्या."

मी सोनीला म्हटलं, बॅग भर. दाजी चटईच्या कारखान्यात, रविवारचीही ड्यूटी. वैशाली म्हणाली, "हे संध्याकाळी येतील. तोवर थांबा भाऊ, चहा घ्या." मी म्हटलं, "तुझ्या हातचा चहा नको." हे वाक्य आजही मला टोचतं. तिनं सोनीच्या बॅगेत स्वेटर टाकला, गृहपाठाची वही टाकली, खोकल्याची बाटली टाकली. "झोपताना अर्धा चमचा. जास्त देऊ नका." बाटलीचं झाकण तिनं दोनदा आवळलं, ते मी बघितलं आणि मनात म्हटलं, अपराधी माणूस असाच वेळ काढतो.

धुळ्याच्या गाडीत एरंडोल मागं पडलं. पारोळा जवळ आलं तशी सोनी खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मामा, वेणी मीच कापली."

"कशाला गं?"

"तुम्ही वेणी धरून बोलता ना, मग मम्मी मोरीत जाऊन रडते. आवाज येऊ नये म्हणून नळ सोडते."

गाडी पारोळ्याच्या स्टँडवर थांबली. समोर जळगावची गाडी उभी होती, अर्धी रिकामी. खाली उतरायचं, चार पावलं चालायचं, की झालं. मी उतरलोही... आणि भजी घेऊन त्याच गाडीत परत चढलो. चहा नाकारून, एवढं बोलून, परत कोणत्या तोंडानं जायचं? भजी गरम होती. सोनीनं एकच खाल्लं.

घरी माझी माय ओसरीवर बसली होती. पोरीचे केस बघितले, माझ्याकडे बघितलं आणि अहिराणीत एकच विचारलं, "तू पोरले लई उना, पन तिले इचारं का, कथा ऱ्हावानं शे तुले?" पोरीला कुठं राहायचंय, हे मी विचारलंच नव्हतं. गाडीतलं काही मी मायला सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं वैशाली दारात. एकटी, कडेवर हर्षल, खांद्याला पिशवी. मला वाटलं, आता ही रडणार नाहीतर भांडणार, दोन्हीची तयारी मी करून ठेवली होती. तिनं हर्षलला उचललं आणि सरळ माझ्या मांडीवर ठेवलं.

"याचं जावळ राहिलंय. मामाच्या मांडीवर काढतात ना? मला पाठचा भाऊ नाही." तिनं गळ्यातली पुतळी चिमटीत धरली. "हिचा आहे, तोच माझा."

सोनी दाराआड उभी.

"आणि सोनीला ठेवणार असाल तर यालाही ठेवा. भावंडं वेगळी करायची नाहीत. दोघं इथं राहिली की मीही राहते. मला मायच्या हातची कळण्याची भाकरी आवडते." बोलताना तिचा आवाज सरळ होता, पण डोळे माझ्यावरून हलत नव्हते. मी नाही म्हटलं असतं तर त्या बाईचं काय झालं असतं, हे मला मांडीवरच्या पोराच्या वजनासकट कळत होतं. माय उठली आणि म्हणाली, "न्हावीले बलाव." जावळ तिथंच निघालं. हर्षलनं माझी नवी कोरी पँट ओली केली. दुपारच्या गाडीनं तिघं जळगावला गेली. सोनीनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

त्यानंतर दर भाऊबीजेला मी तिच्याकडे. पण पारोळ्यालाच मला खरं कळलं होतं, तरी मी पोरीला पुढं नेलं, हे काही मला कधी तिला सांगता आलं नाही. दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यात गेलो तेव्हा ती गादीत बुडून गेल्यासारखी दिसत होती. म्हटलं, आता तरी बोलावं. "वैशाली, एक सांगायचं होतं..."

"पारोळ्याचं का?" ती म्हणाली. "भजी एकट्यानंच खाल्ली म्हणे. पोरीला एकच दिलं."

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सोनीला घेऊन ती जळगावला परतली, त्याच गाडीत सोनीनं सांगितलं होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस इतकी वर्षं? तिनं डोळे मिटले. "बोलले असते तर तुम्ही यायचं बंद केलं असतं. पोरांना दुसरा मामा कुठून आणला असता?"

तेराव्याला सोनीनं ती पुतळी माझ्या हातावर ठेवली. "रेखामम्मीची आहे, तुमच्याकडे राहू द्या." मी खिशात टाकली आणि गाडीत बसलो. वाटेत काढून बघितली. नाक-डोळे घासून पार गुळगुळीत, कडेच्या खाचेत पीठ वाळून बसलेलं. माझ्या बहिणीच्या नावानं घडवली असेल, पण पंचवीस वर्षं ती त्याच घरात भाकरीच्या वेळी पाठीवर जात होती. आणि मी पुन्हा त्या घरातलं काहीतरी उचलून धुळ्याला निघालो होतो.

पारोळ्याला गाडी थांबली. मी उतरलो. भज्यांची कढई उकळत होती. समोर जळगावची गाडी लागली होती, तिच्यात चढलो.

दार हर्षलनं उघडलं. आता त्याला दाढी आहे. "काय विसरलात, मामा?" मी सरळ स्वयंपाकघरात गेलो. ओट्याच्या वर भिंतीत एक खिळा आहे, आंघोळीला जाताना वैशाली पुतळी तिथं अडकवायची. तिथंच अडकवली. सोनी दारात येऊन बघत होती. तिला म्हटलं, "इथं राहू दे का?" तिनं मान डोलावली.

हर्षलनं चहा टाकला. "पारोळ्याला भजी खाल्ली का?" त्यानं विचारलं. म्हणजे हा किस्सा घरात सगळ्यांना पाठ होता, झाकून ठेवत होतो तो मी एकटाच.

"नाही," मी म्हटलं. "या वेळी लगेच गाडी होती."